डेपोच्या चाळीतला निरोपाचा शब्द

मुंबईला जाऊन आलो म्हटलं की आमच्या गावात पहिला प्रश्न, समुद्र पाहिला का? नाही पाहिला. मग राणीची बाग? तीही नाही. विमानं तरी? सांताक्रूझला लोक नुसती विमानं बघायला जातात म्हणे. माझ्या पलटणीतल्या दोस्तानं, तुकारामानं, मलाही नेण्याचं कबूल केलं होतं, पण ते राहून गेलं. "मग इतके दिवस केलंत काय, सुभेदार?" मी सांगतो, मुलुंड पाहिलं. यावर विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, तो तंबाखूची चिमूट तोंडात टाकतो आणि उठून जातो. पारावर मी एकटाच उरतो. म्हणून हे लिहायला बसलो आहे. ऐकायला कुणी थांबत नाही, निदान वाचायला तरी थांबेल.

मुलुंड

गाडीतलं काही सांगत नाही. साताऱ्याकडून निघालेल्या प्रत्येकाच्या डोळ्यात पुण्यापर्यंत कोळशाचे कण जातात, माझ्याही गेले. मुलुंडला उतरलो तेव्हा दिवस कलला होता आणि फलाटावर तुकाराम सावंत सायकल धरून उभा होता.

"काय रे आबा, म्हातारा झालास की!"

"तुझं पोट बघ आधी."

आम्ही दोघं एकाच दिवशी पलटणीत भरती झालो. पुढे मी सुभेदार झालो आणि तो हवालदारावर अडकला, ते त्याच्या तोंडामुळे. कुणापुढे काय बोलावं याचा पोच त्याला कधी नव्हता आणि अजून नाही. आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत. मला अरेतुरे करणारा माणूस या जगात तो एकच उरलाय. गावात सगळे अहोजाहो करतात आणि मान देऊन लांबून निघून जातात.

माझी ट्रंक सायकलच्या कॅरियरवर बांधून आम्ही चालत निघालो. मुंबई म्हटल्यावर मी माड्यांवर माड्या डोळ्यांसमोर आणल्या होत्या. मुलुंडात तसं काही नाही. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, कडेला गुजराती मंडळींचे टुमदार बंगले, कुठे कुठे नुसती मोकळी जागा आणि तिच्यावर गवत. स्टेशनच्या पूर्वेला मिठागरं आहेत, तिथं मिठाचे पांढरे ढीग लांबून दिसतात. पश्चिमेला डोंगर. डोंगर बघून मला बरं वाटलं. आमच्याकडच्या डोंगरांपुढे तो लहान, पण झाडी दाट. वाघ खाली उतरतो असं तुकाराम म्हणाला. तो असल्या गोष्टी पलटणीतही सांगायचा, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक लष्करी डेपो आहे. आत काय ठेवलंय ते मी विचारलं नाही आणि तुकारामानंही सांगितलं नाही. असल्या बाबतीत मात्र त्याचं तोंड बंद असतं. पलटण सोडल्यापासून तो तिथं पहारेकऱ्यांचा जमादार आहे. डेपोला तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक. फाटकाबाहेर एक लहानसं मैदान आणि मैदानापलीकडे कारकुनांच्या, पहारेकऱ्यांच्या कुटुंबांसाठी बांधलेली एक बैठी चाळ. मला बोलावलं होतं ते त्या चाळीपायी.

"ठाण्याच्या जंगलात बंदूकवाले दरोडेखोर फिरतायत अशी आवई आहे," तुकाराम म्हणाला. "आमच्या कॅप्टननं डोक्यात घेतलंय. म्हणतो, हे लोक आले तर डेपोवर येणारच नाहीत. चाळीवर येतील. कारकुनाच्या बायकोच्या डोक्याला बंदूक लावतील. मग काय, कारकून स्वतः किल्ली घेऊन पळत येईल की नाही?"

"येईल."

"म्हणून चाळ रिकामी करतोय तो. बाप्यांनी बराकीत राहायचं, बायकापोरांनी गावी जायचं. वाट लागली यार सगळ्यांची. मग मी म्हटलं, साहेब, आमचा एक सुभेदार आहे, सरहद्दीवर होता, माणसं पळवून नेणाऱ्या पठाणांशी झुंजलाय. त्याला बोलावू. तो बायकांना शिकवील. जमलं तर चाळ राहील. कॅप्टन म्हणाला, बोलवा, आणि शेवटी त्याचं मत काय ते मी विचारीन."

"आणि माझं मत कॅप्टनसारखंच पडलं तर?"

तुकारामानं सायकल थांबवली. "तर सुलोचना परत मालवणला," एवढंच बोलून तो पुढे चालू लागला.

चाळ

सुलोचना म्हणजे तुकारामाची बायको. तिला मी लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर आता. चाळीतली पहिलीच खोली त्यांची. दारात तेलाच्या डब्यात लावलेली अबोली आणि तिला आधार म्हणून पलटणीच्या पट्ट्याचा एक तुकडा बांधलेला. तो पट्टा पाहून मला हसू आलं.

"येवा भावजी, येवा. हातपाय धुवन घेवा, जेवाण वाढतंय."

जेवायला बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी. मी भाकरीचा माणूस. भाताला नाव ठेवणार नाही, पण भात खाल्ल्यावर जेवल्यासारखं वाटत नाही. त्यात तिखल्यात तिरफळं होती. आमच्याकडे हे प्रकरण कुणी पाहिलेलंही नाही. मिरीसारखं काही असेल म्हणून मी एक दातांखाली फोडलं आणि माझी जीभ, ओठ, गाल सगळं बधिर झालं. मला बोलताही येईना. सुलोचना वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि तुकाराम म्हणत होता, "बघ, सुभेदाराला गप्प करायला इतकी वर्षं आम्हांला हे सुचलंच नाही."

खोली एकच. मधे जुनं लुगडं टांगून तिचे दोन भाग केलेले. सकाळी मला जाग आली ती लुगड्यापलीकडच्या भांडणानं. रॉकेल संपलं हे काल का सांगितलं नाही, यावरून वहिनी तुकारामाला फैलावर घेत होत्या. तो हळू आवाजात काहीतरी सबब सांगत होता, ती वहिनी खोडून काढत होत्या. मी डोळे मिटून पडून राहिलो. घरात कुणाला तरी रागावलं जातंय हे ऐकून किती वर्षं झाली होती. आमच्या घरात सकाळी फक्त माझंच खोकणं असतं. भांडण संपूच नये असं वाटलं, पण स्टोव्ह पेटला आणि ते संपलं.

चाळीत आणखी एक गंमत पाहिली. बाया सकाळी रिकाम्या काचेच्या बाटल्या आणि एक कार्ड घेऊन दूध आणायला केंद्रावर जातात. आरे कॉलनीतलं दूध, बाटलीच्या तोंडाला चांदीच्या वर्खासारखं टोपण. आमच्याकडे दूध माणसाकडून येतं, इथं कार्डावर येतं. पण रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांच्या गप्पा आमच्या विहिरीवरच्यासारख्याच होत्या.

दुपारी मैदानात सगळ्यांना जमवलं. मी उभा राहिलो आणि पलटणीतल्या सवयीनं घसा साफ केला. म्हटलं, हल्ला करणाऱ्याकडे वेळ थोडा असतो. त्याला माणूस लागतं ते हाताशी सापडेल ते. पहिल्या काही क्षणांत त्याच्या हाताला कुणी लागलं नाही, तर त्याचा अर्धा डाव तिथंच मोडतो. म्हणून ओलीस सोडवण्यापेक्षा ओलीस सापडूच न देणं, ही खरी कामगिरी.

"ओलीस म्हंजे काय ता?" वहिनींनी विचारलं.

मी थोडा विचार केला. "म्हैस पान्हा सोडत नसली की काय करतात? रेडकू आणून तिच्या तोंडासमोर बांधतात. मग ती जागची हलत नाही आणि मुकाट दूध देते. बांधणाऱ्याला रेडकाशी काही करायचं नसतं. त्याला दूध हवं असतं. ते रेडकू म्हणजे ओलीस."

"म्हंजे आमचे घोव म्हशी, नि आमी रेडकां?"

सगळी चाळ हसली. कारकूनमंडळी नाही हसली. पण त्या एका वाक्यानं सगळ्यांना मुद्दा कळला, तो माझ्या पाच व्याख्यानांनी कळला नसता.

मग मी रीत घालून दिली. डेपोच्या फाटकाशी टांगलेला रुळाचा तुकडा वाजला की हातातलं काम टाकायचं, मागच्या दारानं निघायचं, मैदान ओलांडून फाटकाच्या आत. दागिना नाही, भांडं नाही, मागे वळणं तर मुळीच नाही. मैदानाच्या वाटेवर, चाळीच्या तोंडाशी, बलबीर नावाचा एक गढवाली शिपाई उभा राहील. खोलीतून शेवटी निघणारीनं त्याला 'गेले' असा शब्द द्यायचा. शब्द मिळाला की ती खोली रिकामी. सगळ्या खोल्यांचा शब्द मिळाला की बलबीरनं आत यायचं आणि फाटक बंद. एखाद्या खोलीचा शब्द आला नाही तर त्यानं जाऊन बघायचं. मला ही रीत फार सोपी आणि चोख वाटली होती. बलबीर पोरगेलासा, साधा आणि आज्ञाधारक. चाळीतल्या बायकांकडून तो थोडी मराठी शिकला होता आणि तिचा त्याला अभिमान होता.

मैदान

पहिली परीक्षा कॅप्टनसाहेबांनी तिन्हीसांजेला घेतली. ते बंगाली, तरुण, अविवाहित आणि फार कमी बोलणारे. बुटांची नाकं मात्र अशी चकचकीत की मला माझे जुने दिवस आठवले. चार-पाच शिपाई दंडाला फडकी बांधून दरोडेखोर झाले होते आणि हातात बंदुकांऐवजी काठ्या घेऊन डोंगराच्या बाजूला झुडपांत बसले होते.

रूळ वाजला. बायका मागच्या दारांनी बाहेर पडल्या. गोंधळ नाही, आरडाओरडा नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. कॅप्टनसाहेबांनीही एकदा मान हलवली.

मग माझ्या लक्षात आलं की बलबीर जागचा हलत नाहीये.

सगळ्या बायका फाटकाच्या आत पोचल्या होत्या आणि तो मात्र चाळीच्या तोंडाशी उभा राहून एकेका दाराकडे बघत होता. थोड्या वेळानं तो चक्क आत शिरला. "माताजी, चलो! माताजी!" असा पुकारा करत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ लागला. झुडपांतून काठ्यावाले बाहेर आले. फाटकातून सुलोचना वहिनींनी ते पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही. त्या मैदानातून उलट धावत गेल्या. "अरे बाबा, कोण नाय थंय! भायर ये!" दोघंही एकदमच सापडले. फाटक तोवर उघडंच होतं.

"बस," कॅप्टनसाहेब म्हणाले. "दो आदमी उनके हाथ में, और फाटक खुला. सूबेदार साहब, सच में होता तो चाबी अब तक पहुँच जाती."

मी बलबीरवर ओरडलो. तो बिचारा ताठ उभा राहून म्हणाला, "साहब, किसी ने 'गेले' नहीं बोला. सब ने बोला, 'येते.' येते माने आती है. मैं समझा, पीछे कोई और आ रही है, अभी अंदर है."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत प्रत्येक बाई त्याच्यासमोरून जाताना पदर सावरून "येते हं" म्हणाली होती. आपण हुकूम मोडतोय हे एकीच्याही लक्षात आलं नव्हतं.

रात्रीचं जेवण त्या दिवशी लवकर वाढलं गेलं. मी जरा कडक आवाजात म्हटलं, "वहिनी, 'गेले' म्हणायचं ठरलं होतं ना आपलं?"

वहिनींनी भाताचं पातेलं खाली ठेवलं. "भावजी, तिनिसांजेक दारात उभी र्‍हवान 'गेलंय' म्हणू? माझ्या घराच्या उंबऱ्यार? 'जातंय' म्हणान तरी कोण जाता काय? ता माझ्या तोंडातसून भायर पडाचा नाय. तुमी मराठीच ना?"

तुकाराम खाली मान घालून जेवत राहिला. तो काय आठवतोय ते मला कळलं होतं, कारण मलाही तेच आठवत होतं.

आम्ही आसामात होतो. आमच्या गावचा एकजण रजेवरून परत आला, माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, वहिनी गेल्या." मी वर्षानुवर्षं छावणीतली हिंदी बोलत होतो. मी विचारलं, "कुठं?" त्यानं टोपी काढून हातात घेतली. मी पुन्हा विचारलं, माहेरी का? तेव्हा शेजारी बसलेल्या तुकारामानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ज्याला तो शब्द तसा ऐकावा लागला, त्यानंच तो शब्द चाळीतल्या बायकांच्या तोंडी द्यायला काढला. फौजेनं माझी भाषा किती खाल्ली ते मला त्या जेवणाला कळलं.

"साय्बान धाडल्यान तर बोटीन जाईन," वहिनी पुन्हा वाढायला लागल्या. "इतकी वर्सां ह्ये पलटणीत नि मियां मालवणात. खळ्यात बसान वाट बघलंय. आता खंय ह्यां घर गावलां." मग त्यांनी माझ्या पानातली तिरफळं आठवणीनं वेचून बाजूला ठेवली.

आरे कॉलनी

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "आपकी राय?" मी म्हटलं, उद्या सांगतो. खरं म्हणजे मत तयार होतं. फौजेची शिकवण साधी आहे: जिथं धोका तिथं बायकामाणूस ठेवू नका. जे जवळ नाही ते कुणी पळवू शकत नाही. मी सगळी नोकरी याच शिकवणीवर केली. बायको गावी, मी छावणीत, आणि माझ्यापासून कुणीही कधी काही हिसकावून नेलं नाही. कॅप्टनचं म्हणणं मला पटत होतं, आणि पटत होतं याचाच राग येत होता.

डेपोची एक लॉरी अंधेरीकडे चालली होती. तुकाराम कामावर होता. तो म्हणाला, "बस तिच्यात, वाटेत आरे कॉलनीत उतर. झकास जागा आहे. म्हशी बघून तुला गावाची आठवण तरी येईल." मी एकटाच गेलो.

जागा खरंच झकास आहे. टेकड्या, मऊ गवत, रानातून जाणारा डांबरी रस्ता आणि त्यावरून मधूनच एखादी बस. मुंबईहून सहलीला आलेली माणसं गवतावर डबे उघडून बसलेली. आत रानात आदिवासींचे जुने पाडे आहेत. एक बाई लाकडाची मोळी घेऊन डब्याशी बसलेल्या माणसांच्या मधून चालत गेली, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

गोठे बघून मात्र मी थक्क झालो. एवढ्या म्हशी मी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या. सगळ्या धुतलेल्या, काळ्याभोर, आणि प्रत्येकीच्या अंगावर नंबर. मी एका गवळ्याला विचारलं, रेडकं कुठं आहेत? तो उत्तरेकडचा भय्या होता. म्हणाला, ती वेगळीकडे असतात. मग पान्हा कसा सोडतात? आदत पड़ जाती है, तो म्हणाला. काही दिवस ओरडतात, मग सवय होते.

आमची म्हैस गौरा. माझी बायको तिला हाक मारून, पाठीवर हात ठेवून दूध काढायची. ती वारली त्यानंतर गौरा कुणालाच जवळ येऊ देईना. मी रजेवर पोचलो तेव्हा चुलत्यांनी ती विकून टाकली होती. बरं केलं म्हणालो. त्या नंबरवाल्या म्हशींपुढे उभा राहून मी दुधाची एक थंडगार बाटली विकत घेतली आणि प्यायलो. दूध चांगलं होतं. मला रडू आलं, आणि अनोळखी मुलखात रडायला काही हरकत नसते म्हणून मी थोडा वेळ रडून घेतलं. मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि परतीची बस शोधायला लागलो.

आदत पड़ जाती है, हे खरं. मला पडलीच आहे. पण सवय झाली म्हणजे ते बरोबर होतं असं नाही.

पुन्हा चाळीत

कॅप्टनसाहेब त्यांच्या खोलीत एकटेच चहा पीत बसले होते. मी सलाम केला आणि म्हटलं, मला आणखी एक संधी हवी. चूक बायकांची नाही, बलबीरची नाही. शब्द चुकला, तो माझा. मग मी त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं की आमच्यात घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणतात. परत येईन या अर्थानं.

कॅप्टनसाहेबांनी कप खाली ठेवला.

"हमारी माँ भी यही कहती है," ते म्हणाले. "बंगाल में भी 'जाती हूँ' नहीं कहते. कहते हैं, 'आशि.' आती हूँ." मग ते एकदम हसले. ते हसू शकतात हे मला तेव्हा कळलं. "ठीक है. एक बार और. पर वक़्त मैं तय करूँगा, आपको भी नहीं बताऊँगा."

मी मैदानात सगळ्यांना सांगितलं, शब्द बदलला. 'येते' म्हणायचं. "ता आमी रोजच म्हणतंव," वहिनी म्हणाल्या. बलबीरला बाजूला घेऊन समजावलं: येते सुना, तो समझो घर ख़ाली. त्यानं ते तोंडातल्या तोंडात घोकून पाठ केलं. आता बायकांना शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाण्याला, दळणाला, दुधाला जाताना त्या आपसूकच बलबीरला 'येते' म्हणत आणि तो गंभीरपणे मान हलवत असे.

रूळ वाजला तो दोन दिवसांनी, सकाळी दुधाच्या वेळी. तुकाराम कामावर, वहिनी बाटली घेऊन केंद्रावर. मी आरसा खिळ्याला टांगून दाढी करत बसलो होतो. तोंडाला साबण, एका गालावरून वस्तरा फिरलेला. बाहेर पावलं पळाली, "येते", "येते" ऐकू आलं. दुधाच्या रांगेतल्या बायका बाटल्या तिथंच ठेवून थेट फाटकाकडे निघाल्याचं मला दारातून दिसलं. मी समाधानानं दुसऱ्या गालाकडे वळलो. मी पडलो परीक्षक, दाढी करत करतही परीक्षा बघता येते.

तेवढ्यात मैदानाच्या पलीकडून वहिनींचा आवाज आला. "भावजी! भायर पडा! तुमी रवलात!"

मी दाराबाहेर डोकावलो. चाळीच्या तोंडाशी बलबीर उभा होता आणि तो माझ्याकडे बघत होता. सगळी चाळ रिकामी होती. फाटकात सगळ्या बायका उभ्या होत्या, त्यांच्या मागे तुकाराम, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. दूध आणायला जाताना वहिनींनी घराचा शब्द बलबीरला दिलाच नव्हता. त्यांच्या हिशेबी घरात माणूस होतं. मी स्वतःला मोजलं नव्हतं, पण त्यांनी मला मोजलं होतं. झुडपं हलायला लागली होती. ओलीस म्हणून सापडण्यासारखं आता तिथं एकच माणूस होतं, आणि माझ्यापायी एवढ्या संसारांचं बिऱ्हाड उठणार होतं.

मी वस्तरा टाकला. मागच्या दारानं निघालो, साबणाच्या तोंडानं, गंजीफ्रॉकवर. बलबीरसमोर आलो आणि थबकलो. हा शब्द मी शेवटचा कधी म्हटला होता ते आठवत नव्हतं. म्हणायला समोर कुणीतरी लागतं.

"येतो," मी म्हणालो.

"घर ख़ाली!" बलबीर ओरडला, आणि आम्ही दोघं म्हातारी हाडं आणि तरुण पाय घेऊन फाटकाकडे पळालो. फाटक बंद झालं. काठ्यावाले चाळीत शिरले तेव्हा त्यांच्या हाती एक उतू गेलेला चहा आणि माझा वस्तरा, एवढंच लागलं.

कॅप्टनसाहेबांनी माझ्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं. "आपकी राय, सूबेदार साहब?"

"चाळ राहू द्या," मी म्हटलं. "जवळ असलेलं माणूस वेळेवर हलवता येतं, साहेब. लांब धाडलेल्या माणसाचं काहीच करता येत नाही."

त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "रहने दो." बायकांना हिंदी कळत होती. फाटकाच्या आत एकच कल्ला झाला. सुलोचना वहिनी मात्र थेट घरी निघाल्या. तिथं त्यांनी अबोलीला पाणी घातलं, आणि मग दूध आणायचं राहिलं म्हणून तुकारामालाच रागावल्या.

निघण्याच्या दिवशी त्यांनी आमसुलांची पुडी माझ्या ट्रंकेत घातली. मी ट्रंक उचलली आणि पलटणीच्या सवयीनं म्हणालो, "बरं, निघतो मी."

"निघतंय काय? येतंय म्हणा!"

मी येतो म्हणालो. बाहेर बलबीर पहाऱ्यावर होता. त्यालाही म्हणालो. त्यानं सवयीनं सावंतांच्या दाराकडे पाहिलं, तिथं वहिनी उभ्या दिसल्या, तेव्हा तो गोंधळला आणि मग हसला.

घरी

गावी पोचलो, कुलूप काढलं. आमसुलं कुठल्या डब्यात ठेवायची ते समजेना, म्हणून पुडी तशीच फळीवर ठेवली. भाकरी केली, खाल्ली, आणि जेवल्यासारखं वाटलं.

सकाळी दळण घेऊन गिरणीवर निघालो. इतकी वर्षं लावतो तसं दाराला कुलूप लावलं, आणि किल्ली खिशात टाकताना बंद दाराकडे तोंड करून म्हणालो, "येतो."

शेजारची काकू अंगण झाडत होती. "कुणाशी बोलताय, सुभेदार?"

"कुणाशी नाही," मी म्हटलं, आणि दळण खांद्यावर घेऊन चालू लागलो. मुलुंडच्या चाळीत त्या शब्दाचा अर्थ मीच ठरवून आलो आहे. बलबीर आमच्या बोळाच्या तोंडाशी उभा असता तर त्यानं तो ऐकला असता, गंभीरपणे मान हलवली असती आणि ओरडला असता, "घर ख़ाली!"